दोन रुपयांच्या नाण्याएवढा हात: तान्ह्या बाळाची ऑस्टिओपॅथी म्हणजे नेमकं काय?

बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीच्या मोबाइलवर हल्ली एक व्हिडिओ हमखास येतो. पांढऱ्या गादीवर बाळ निजवलेलं असतं, कुणीतरी त्याच्या डोक्याखाली दोन्ही हात ठेवून शांत बसलेलं असतं, आणि मघाशी किंचाळणारं बाळ आता जांभई देत असतं. खाली लिहिलेलं असतं ‘पीडियाट्रिक ऑस्टिओपॅथी’. पोटदुखी, दूध ओकणं, चपटं डोकं, अपुरी झोप, सगळ्यावर हाच एक उपाय.

मग गुहागरात किंवा कुडाळात बसलेली आई शोधायला लागते की हे आपल्या बाजूला कोण करतं. आजी मात्र दुसरंच विचारते: आमची न्हाऊ घालणारी मावशी याहून वेगळं काय करते? दोघींत आजीचा प्रश्न जास्त नेमका आहे.

## आधी शब्द सोडवू

ऑस्टिओपॅथी म्हणजे हाताने करायची चिकित्सा. अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने १८७४ मध्ये ती मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी तिची पहिली शाळा काढली. त्याचं म्हणणं असं, की हाडं, स्नायू आणि आतले अवयव एकमेकांशी बांधलेले आहेत. कुठे हालचाल अडली तर ती हाताने मोकळी करावी, पुढचं शरीर स्वतः बघून घेतं. त्याच्याच परंपरेतल्या विल्यम सदरलँडने १९३० च्या दशकात यात भर घातली: कवटीची हाडंही अगदी सूक्ष्म हलतात, आणि ती हालचाल बोटांना जाणवते. बाळांच्या डोक्यावर हात ठेवण्याचा प्रकार तिथून आला. त्याला ‘क्रेनियल’ म्हणतात, म्हणजे कवटीची ऑस्टिओपॅथी.

यात दोन शेजारी मिसळून जातात. मणक्याला झटका देऊन ‘कट्’ आवाज काढतो तो कायरोप्रॅक्टर. स्नायूंची तपासणी करून ताण आणि व्यायाम शिकवतो तो फिजिओथेरपिस्ट. आपल्याकडे ‘ऑस्टिओपॅथ’ अशी पाटी लावणारे पुष्कळजण मुळात फिजिओथेरपिस्टच असतात आणि वर एखादा कोर्स केलेला असतो. अमेरिकेत मात्र ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेला माणूस पूर्ण डॉक्टर असतो. औषधं लिहितो, ऑपरेशनही करतो. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने या व्यवसायाची नोंदणी सक्तीची झाली, पण तिथला ऑस्टिओपॅथ म्हणजे डॉक्टर नव्हे. थोडक्यात, पाटी एकच असली तरी देश बदलला की तिचा अर्थ बदलतो.

## कौलं आणि चिरे

बाळाची कवटी म्हणजे एकसंध वाटी नव्हे. ती सुट्या हाडांची असते आणि हाडांच्या मधल्या फटींना शिवणी म्हणतात. शिवणी जिथे मिळतात तिथे मऊ जागा राहते, तीच टाळू. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या सुमारास.

ही सोय बाहेर येण्यासाठी असते. प्रसूतीच्या वेळी हाडं एकमेकांवर सरकतात, मंगलोरी कौलं जशी एकावर एक चढतात तशी. म्हणून नुकतं जन्मलेलं डोकं लांबट, कधी शंकूसारखं दिसतं. काही दिवसांत कौलं आपापल्या जागी उतरतात. त्यासाठी कुणी हात लावायची गरज नसते. डोक्यावरची पसरट मऊ सूजही दोन-चार दिवसांत ओसरते. एका बाजूला, एकाच हाडापुरती फुगीर गाठ राहिली तर ती बहुधा हाडावर साचलेलं रक्त असतं. तिला जिरायला काही आठवडे, कधी महिने लागतात. ती चोळायची नाही, शेकायची नाही. त्यातलं रक्त जिरताना कावीळ वाढू शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवून ठेवायची.

दुसरी गोष्ट चिऱ्यासारखी. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, तासता येतो. उन्हावाऱ्यात राहिला की घट्ट होतो. बाळाच्या कवटीला पहिल्या काही महिन्यांत असाच आकार चढतो, पण तो कशाने? दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपणारं बाळ एकाच कुशीवर मान टाकत असेल, तर डोक्याचं वजन त्या जागेवर रोज तासन् तास पडतं. आता हिशोब करा. आठवड्याचे तास १६८. थेरपिस्टचा हात त्यातला अर्धा तास. उरलेल्या वेळात बाळ कसं निजतं, यावर डोक्याचा आकार ठरणार.

## खोलीत नेमकं काय होतं

चांगला माणूस आधी विचारतो: प्रसूती कशी झाली, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला का, बाळ कितव्या आठवड्याचं, दूध कसं ओढतं, वजन किती वाढलं. मग बाळाला लंगोटावर ठेवून बघतो: मान दोन्हीकडे सारखी वळते का, मांड्या सारख्या उघडतात का, पाठीला बाक आहे का. हे सगळं झाल्यावर एक हात डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली, दुसरा कमरेखाली माकडहाडाच्या वर. कधी पोटावर तळवा, कधी जबड्याच्या सांध्यापाशी एक बोट. बाळ अंगावर पीत असलं तरी चालतं. अर्धा-पाऊण तासात सगळं उरकतं.

हात किती हलका? कवटीच्या कामात पाच ग्रॅम हा आकडा शिकवला जातो. दोन रुपयांचं नाणं जवळपास तेवढंच भरतं. मिरची-मसाले मोजायचा छोटा डिजिटल काटा घरात असेल तर त्यावर बोट टेकवून पाच ग्रॅम दाखवून बघा. पहिल्या खेपेला बोट सहज त्याच्या बरंच पुढे जातं. पाच ग्रॅम म्हणजे दाब नव्हेच, तो नुसता स्पर्श. झटका, पिळणं, ओढणं यांतलं काहीही तान्ह्या बाळाच्या हलक्या ऑस्टिओपॅथीत बसत नाही. कुणी तसं करत असेल तर पाटीवर काहीही असो, बाळ उचलायचं आणि घरी यायचं.

## दोघांना वेगवेगळी लागणारी ‘भरती’

सदरलँडच्या परंपरेत मानतात की मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी एका संथ लयीत वरखाली होतं आणि कवटीची हाडं त्या तालावर हलतात. ही लय मिनिटाला साधारण सहा ते बारा वेळा जाणवते असं सांगतात.

त्या पाण्याला हालचाल आहे हे खरंच. हृदयाच्या ठोक्याबरोबर आणि श्वासाबरोबर ते हलतं. पण या तिसऱ्या, स्वतंत्र लयीची परीक्षा घेतली तेव्हा पंचाईत झाली. एकाच माणसावर दोन अनुभवी हातांनी लय मोजली आणि आकडे जुळले नाहीत. हे अनेकदा झालं. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर दोन तांडेल उभे केले तर दोघं भरतीची वेळ सारखीच सांगतील, कारण भरती समुद्रात असते, तांडेलाच्या डोक्यात नसते. इथे दोघांना दोन वेगळ्या भरत्या लागत असतील तर लागतंय ते बाळाच्या डोक्यात आहे की मोजणाऱ्याच्या बोटांत, हा प्रश्न उरतोच. या उपचाराचा पाया इथे कच्चा आहे, आणि तो कच्चा आहे असं म्हणण्यात संकोच नको.

## ‘पण आमचं बाळ रडायचं थांबलं!’

थांबलं असेल, खोटं कशाला म्हणायचं? बहुतेक आईवडील बाळाला तिथे घेऊन जातात ते रडण्यासाठीच. चांगलं खातंपितं, वजन वाढतंय, पण संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन लालबुंद होऊन रडतं. याला कॉलिक म्हणतात. वेसल नावाच्या डॉक्टरने १९५४ मध्ये त्याचं सोपं माप दिलं: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त.

या रडण्याची एक ठरलेली चाल आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं, तीन-चार महिन्यांत आपोआप विरतं. घरचे हातघाईवर येतात ते कळसाला. तेव्हाच अपॉइंटमेंट घेतली जाते. त्यानंतर काहीही केलं, वेखंड उगाळलं, दृष्ट काढली, की क्लिनिकात गेलात, तरी पुढची वाट उताराचीच असते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात आणि दर्या हळूहळू शांत होतो. वाहायचा तो मनोभावे वाहावा, पण पावसाळी वाऱ्याचा जोर ओसरायची वेळ तीच असते हे कोळ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं.

मग उपचाराचा गुण आणि काळाचा गुण वेगळा कसा काढायचा? अर्ध्या बाळांना खरा उपचार, अर्ध्यांना लटका, आणि कुणाला काय मिळालं हे आईबापांना कळू द्यायचं नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये हाताने करायच्या अशा उपचारांच्या सहा चाचण्या एकत्र तपासल्या; त्यांत मिळून ३२५ बाळं होती. वरवर पाहता रडण्याचा वेळ घटलेला दिसला. पण ज्या चाचण्यांत आईवडिलांना कोणता उपचार झाला हे माहीत नव्हतं, तेवढ्याच घेतल्यावर तो फरक ठामपणे दाखवता आला नाही. रडण्याची नोंद वहीत कोण करतं? आईच. उपचार झालाय हे माहीत असलं की तिचीही पेन्सिल हलकी चालते. पुढे ब्रिटनमध्ये एका चाचणीत एका गटाला ऑस्टिओपॅथचा नेहमीचा हलका उपचार आणि दुसऱ्याला कोणताही हेतू न ठेवता केलेला साधा हलका स्पर्श दिला. रडणं दोन्हीकडे उतरलं, दोघांत फरक निघाला नाही.

स्पर्श मात्र भाकड नाही. त्वचेत असे बारीक मज्जातंतू आहेत जे सावकाश गोंजारण्याला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर, म्हणजे आई नकळत ज्या वेगाने पाठीवर हात फिरवते तोच वेग. शांत खोली, न घाबरलेला माणूस, अर्धा तास कुणी घाई न करता ऐकून घेणं, यानेही बाळ आणि आई दोघंही सैल पडतात. त्यासाठी कवटीची हाडं हलावी लागत नाहीत.

## हाताचा खरा उपयोग कुठे

तिरक्या मानेला. काही बाळांच्या मानेचा एका बाजूचा स्नायू जन्मतःच आखडलेला असतो. डोकं एका खांद्याकडे कललेलं, हनुवटी दुसरीकडे. दुसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्या स्नायूत सुपारीएवढी गाठ लागू शकते. घरच्या घरी बघायचं असेल तर बाळाला उताणं निजवा, खांदे एका हाताने अलगद स्थिर धरा आणि खुळखुळा एका बाजूकडून दुसरीकडे न्या. हनुवटी दोन्ही खांद्यांपर्यंत सारखी पोचली पाहिजे. एकीकडे अर्ध्यातच अडते, पुन्हा पुन्हा अडते, तर बालरोगतज्ज्ञ आणि मग फिजिओथेरपिस्ट. ते मानेला ताण द्यायची पद्धत आईला हातात हात धरून शिकवतात. लंगोट बदलताना थोडी थोडी करायची. तीन महिन्यांच्या आत सुरुवात झाली तर बहुतेक बाळं पूर्ण बरी होतात. अशा बाळाच्या खुब्याचे सांधेही तपासून घ्यायचे, कारण दोन्ही दुखणी कधीकधी जोडीने येतात. व्हिडिओ बघून मान मात्र ओढायची नाही.

चपट्या डोक्याला. बाळाला डोक्याच्या वरून बघा. एक बाजू मागून चपटी आणि त्याच बाजूचा कान पुढे सरकलेला असेल, तर बहुधा झोपण्याच्या सवयीचा परिणाम आहे. उपाय घरातलाच: निजवताना डोक्याची आणि पायांची बाजू रोज आलटूनपालटून बदला, म्हणजे दाराकडे, खिडकीकडे बघायला बाळ मान दुसरीकडे वळवेल. जागेपणी, समोर कुणीतरी बसलेलं असताना, पोटावर पालथं ठेवा. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते की न रांगणाऱ्या बाळाला दिवसभरात मिळून निदान अर्धा तास असं ठेवावं. सुरुवात दोन-तीन मिनिटांनी. झोपताना मात्र उताणंच, आणि डोक्याखाली राईची उशी नको. कान उलट मागे खेचलेला, शिवणीवर कडक वरंबा लागतोय, टाळू फार लवकर बुजलीय, अशी चिन्हं असली तर शिवण वेळेआधी जुळल्याची शंका येते. ती हाताने उघडत नाही. त्याला शल्यचिकित्सक लागतो, आणि वेळ महत्त्वाची असते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर इटलीत एक मोठी चाचणी झाली, २०१५ मध्ये छापली गेली, ६९५ बाळं होती. ऑस्टिओपॅथी दिलेली बाळं सरासरी चारेक दिवस आधी घरी गेली. वजन मात्र जास्त वाढलं नाही. दखल घेण्याजोगं आहे, पण ते नवजात अतिदक्षता विभागात, डॉक्टरांच्या नजरेखाली झालं होतं. अशा बाळांसाठी याहून पक्का पुरावा असलेला हातचा उपचार फुकट आहे: आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवणं, कांगारू पद्धत. बोगोटामध्ये १९७८ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीने बाळांचे जीव वाचतात हे भारतासह अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसलंय.

## ‘हलकाच तर हात आहे, बिघडेल काय?’

पाच ग्रॅमने काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन कारणांनी.

पहिलं, हात हलका राहत नाही. नेदरलँड्समध्ये कवटी-मणक्याच्या अशाच उपचारात तीन महिन्यांच्या बाळाची मान आणि पाठ जोरात वाकवून धरली गेली आणि बाळ दगावलं. २००९ मध्ये ते प्रकरण तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ऑस्ट्रेलियात तान्ह्या बाळाला पाय धरून उलटं लोंबकळवतानाचा एका कायरोप्रॅक्टरचा व्हिडिओ पसरला आणि २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यावर असा हात चालवणं तिथल्या कायरोप्रॅक्टरांच्या नोंदणी मंडळाने थांबवलं.

दुसरं, वेळ जातो. ‘अजून दोन खेपा करू’ म्हणताना खरं दुखणं आत वाढतं. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शी होताना रक्त, दर पाजण्यानंतर कारंज्यासारखी उलटी, फुगलेली किंवा खोल गेलेली टाळू, जांघेत न जाणारी कडक गाठ, एकदम चिरका आवाज, दूध ओढणंच बंद, दिवसाला सहापेक्षा कमी ओले लंगोट. यांतलं एकही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असेल तर १०८. अचानक न थांबणारं रडणं असेल तर बोटं, अंगठे आणि लिंग नीट बघा. आईचा गळलेला केस बोटाभोवती आवळून बसतो आणि तो कुणाच्या ध्यानात येत नाही.

## जायचंच ठरवलं तर

फ्रान्सचा २००७ चा नियम इथेही उसना घेण्यासारखा आहे: सहा महिन्यांखालच्या बाळाच्या डोक्याला, चेहऱ्याला किंवा मणक्याला हात लावण्याआधी, डॉक्टर नसलेल्या ऑस्टिओपॅथला डॉक्टरचा दाखला लागतो. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञ. आशाताई घरी येतात तेव्हाही विचारा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या सहा फेऱ्या मारतात, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. गरज पडली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. तिथे फिजिओथेरपीचे पैसे पडत नाहीत, आणि तिरकी मान, खुबा, वाकडं पाऊल हे त्यांचं रोजचं काम आहे.

क्लिनिकात विचारायचं: मूळ पदवी कोणती? महिन्याला किती तान्ही बाळं बघता? दोन-तीन खेपांत फरक दिसला नाही तर पुढे काय? ‘दहा खेपांचं पॅकेज’ हे उत्तर आलं तर उठायचं. लस थांबवा, औषध बंद करा, असं कुणी म्हणालं तर त्याहून लवकर उठायचं.

## आणि मावशीचा हात?

आजीच्या प्रश्नाकडे यायला हवं, कारण कोकणात बहुतेक बाळांवर पहिला हात मावशीचाच पडतो. तिच्या हातात कसब असतं, खोबरेल असतं, पाणी किती ऊन हवं याचा अंदाज असतो. सावकाश चोळणं, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तळवा फिरवणं, गुडघे आळीपाळीने पोटाशी नेणं, हे सगळं क्लिनिकातल्या हलक्या हाताइतकंच गुणाचं. दाब किती, तर पिकल्या हापूसच्या सालीवर बोटाची खूण उमटणार नाही एवढा.

पण ‘डोक्याक वळण लावूक व्हया’ म्हणून कपाळ आणि मागची बाजू तळव्यांत दाबणं, नाक चिमटून सरळ करणं, हात-पाय कात्रीसारखे ओढून घेणं, घोट्याला धरून उलटं करणं, नाका-कानात तेल सोडणं, हे पाच ग्रॅमचं काम नव्हे. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. पाय सरळ ओढून दुपट्यात घट्ट आवळल्याने खुब्याचा सांधा जागेवरून हलू शकतो. मांड्या बेडकासारख्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत.

मावशीला हे सांगायचं कसं, हा खरा अवघड भाग. चूक दाखवली की ती दुखावते. ‘डॉक्टरांनी खुबा तपासेपर्यंत पाय ओढायला नको सांगितलंय’ एवढं बोललं तर ती ऐकते, आणि तेही खोटं पडत नाही, कारण डॉक्टर तेच सांगतील. पाजल्यानंतर पाऊण तास जाऊ द्यायचा, चहाचा चमचाभर तेल पुरतं, आणि मालिश चालू असताना आईने बाळाच्या तोंडाकडे बघत बसायचं. बाळ पंजे ताठ पसरतं, भुवया आवळतं, मान दुसरीकडे वळवतं. रडणं त्यानंतर येतं. त्या मधल्या काही सेकंदांत हात उचलायचा.